रिता होत जाणारा तोल

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील हौशी मासेमारीच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. पहिली साल्मन आणि ट्राउट या माशांमागे कृत्रिम माशी घेऊन जाते. दुसरी रोच, ब्रीम, टेंच, चब, कार्प अशा उरलेल्या माशांना अळी, पाव किंवा उकडलेले धान्य लावून गळाशी आणते. तिला तेथे ‘कोर्स फिशिंग’ म्हणतात आणि तिच्यात पकडलेला मासा बहुधा जिवंतच पुन्हा पाण्यात सोडला जातो. या दुसऱ्या परंपरेत दोन गोष्टींवर सारा डोलारा उभा असतो. एक म्हणजे फ्लोट, अर्थात तंगुसाला अडकवलेली आणि पाण्यावर उभी राहणारी हलकी कांडी, जिचा रंगवलेला शेंडा बुडाला, वर उचलला गेला किंवा नुसता थबकला तरी खाली कोणीतरी आमिषाला तोंड लावले आहे हे कळते. दुसरी म्हणजे सुटा चारा, म्हणजे गळाला न लावता पाण्यात मोकळे सोडलेले खाद्य, ज्यामुळे मासे एका जागी जमतात, तेथे रेंगाळतात आणि सुट्या खाद्यात मिसळून गेलेले गळावरचे आमिषही निर्धास्तपणे उचलतात. या लेखात ‘आमिष’ हा शब्द गळावरच्या खाद्यासाठी आणि ‘चारा’ हा शब्द सुट्या खाद्यासाठी वापरला आहे, कारण पुढील सगळे विवेचन या दोहोंमधील अंतराविषयी आहे.

हे अंतर किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला फार छळते. चारा हाताने किंवा बेचकीने फेकला जातो. अळ्या हलक्या असल्याने वीस-पंचवीस मीटरांच्या पुढे त्या नीट जात नाहीत, समोरून वारा असेल तर त्याहून बऱ्याच अलीकडे विखरून पडतात, आणि फ्लोट मात्र वजनदार असल्यामुळे नेमका त्यांच्या पलीकडे जाऊन बसतो. परिणामी मासे एका ठिकाणी जेवत असतात आणि गळ दुसऱ्या ठिकाणी उपाशी लोंबत असतो. चारा फ्लोटनेच वाहून न्यावा, फ्लोट पडेल तेथेच तो सुटावा आणि प्रत्येक फेकीबरोबर थोडा थोडा सुटत राहावा, ही कल्पना या अडचणीतून इतकी सहज सुचते, की ती सुचण्यात काही विशेष आहे असे म्हणता येत नाही. विशेष आहे ते ती कल्पना प्रत्यक्षात उतरवताना काय काय आड येते, यात. प्रस्तुत लेखकाने या एका प्रश्नावर कामाच्या बाकापाशी आणि कालव्याच्या काठी बराच काळ घालवला असून, त्या कामातून जे उमगले तेवढेच येथे मांडले आहे.

चारा घालून मासे जमवण्याची रीत स्वतः फार जुनी आहे. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या ग्रंथात ब्रीमसाठी भरड दळलेले जवाचे माल्ट उकडून पाण्याच्या तळाशी घालण्याची कृती तपशिलाने दिली आहे. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण द्यायचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचा स्वतंत्र भाग आहे आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे याचा विचार त्यात आलेला आहे. संस्कृतात गळाच्या तरंगत्या कांडीला ‘तरण्ड’ असा शब्दही आहे. म्हणजे तरंगती कांडी आणि चारा या दोन्ही गोष्टी माणसाला शतकानुशतके ठाऊक होत्या, पण त्या दोन वेगळ्या हातांनी होत असत.

चारा साधनानेच नेण्याचे प्रयत्न झाले ते मुख्यतः तळाच्या मासेमारीत. ‘स्विमफीडर’ ही भोके पाडलेली, वजन जोडलेली प्लास्टिकची नळी तळाशी जाऊन बसते आणि तिच्यातून अळ्या सरपटत बाहेर पडतात. ‘बेट ड्रॉपर’ ही झाकणाची डबी असते. ती तंगुसाने सरळ खाली सोडायची, तिच्या बुडाची दांडी तळाला टेकली की अडसर सरकतो, झाकण उघडते आणि सगळा चारा एकदम तळावर रिकामा होतो. जपानच्या किनाऱ्यावर मात्र फ्लोट आणि चाऱ्याचा पिंजरा एकत्र वापरण्याची ‘कागो’ नावाची पद्धत चांगली रुळलेली आहे. कागो म्हणजे पिंजरा किंवा टोपली. त्यात क्रिल हे कोळंबीसारखे दिसणारे बारीक जीव भरतात, पिंजरा फ्लोटखाली हव्या त्या खोलीवर लोंबतो, काठीला हिसका दिला की चारा बाहेर सांडतो आणि प्रवाहाबरोबर तो लांब सोडलेल्या गळाच्या दिशेने वाहत जातो. समुद्रातील बळकट, धावत्या माशांसाठी ही योजना उत्तम आहे. इंग्लंडच्या संथ कालव्यातील रोच मात्र आमिष ओठांत धरून किंचितही ओढ जाणवली तरी सोडून देतो, आणि त्याच्यासाठी गळाजवळ लोंबणारा जड पिंजरा म्हणजे धोक्याची घंटाच ठरते. म्हणून तेथे पिंजरा खाली न ठेवता फ्लोटच्या अंगातच बसवावा लागतो, आणि खरी अडचण नेमकी तेथूनच सुरू होते.

ती अडचण समजण्यासाठी फ्लोटचा तोल म्हणजे काय हे पाहावे लागेल. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तिला वरच्या दिशेने रेटा मिळतो, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत सर्वांनी शिकलेला असतो. गोड्या पाण्याच्या एका घनसेंटीमीटरचे वजन एक ग्रॅम, आणि बाल्सा या अतिहलक्या लाकडाचे सुमारे ०.१६ ग्रॅम, म्हणजे बाल्साचा प्रत्येक बुडालेला घनसेंटीमीटर साधारण ०.८४ ग्रॅम वजन पेलू शकतो. तंगुसावर चिमटलेल्या छोट्या छर्ऱ्यांनी ही सगळी पेलण्याची ताकद जवळजवळ संपवायची आणि फक्त शेंडा पाण्यावर ठेवायचा, यालाच फ्लोटचा तोल लावणे म्हणतात. शेंडा चार मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचा एक सेंटीमीटर भाग अवघे ०.१२६ ग्रॅम वजन पेलतो. आठ नंबरचा छर्रा साधारण ०.०६ ग्रॅमचा असतो, म्हणून तो एक छर्रा वाढवला की असा शेंडा पाच मिलिमीटरच्या आसपास खाली जातो. शेंडा दोन मिलिमीटरचा केला तर तोच छर्रा त्याला जवळपास दोन सेंटीमीटर खाली ओढतो. शेंडा जितका बारीक तितकी फ्लोटची संवेदना तीव्र, हे प्रत्येक फ्लोट घडवणारा पहिल्याच आठवड्यात शिकतो आणि पुढे आयुष्यभर शेंडा आणखी बारीक करण्याच्या मागे लागतो.

आता अशा फ्लोटमध्ये चारा भरला तर काय होते? चाऱ्याचे काम निघून जाण्याचे आहे आणि फ्लोटचे काम स्थिर राहून बारीकशी हालचालही दाखवण्याचे आहे. ज्या साधनाने माशाचा अर्ध्या ग्रॅमचा स्पर्श दाखवायचा, त्याच्याच अंगातून कित्येक ग्रॅम वजन हळूहळू नाहीसे होत असते. या दोन गोष्टींचे वैर आरंभी नीट ध्यानात आले नाही, याची कबुली येथे दिली पाहिजे. प्रस्तुत लेखकाचा आरंभीचा सगळा प्रयत्न चारा सुटण्याच्या युक्तीवर खर्च झाला आणि तोलाचा विचार नंतर करता येईल असे गृहीत धरले गेले.

पहिली युक्ती उलटणाऱ्या वाटीची होती. फ्लोटच्या माथ्यावर उघडी वाटी बसवायची आणि चारा भरलेला असताना गुरुत्वमध्य, म्हणजे साऱ्या वजनाचा मध्यबिंदू, पाण्याच्या रेट्याच्या मध्यबिंदूपेक्षा इतका वर ठेवायचा की फ्लोट उभा राहूच शकणार नाही. तो पाण्यावर पडताच कलंडेल, वाटी रिकामी होईल, वजन घटल्याने गुरुत्वमध्य खाली सरकेल आणि फ्लोट आपोआप उभा राहील. तत्त्व म्हणून ही रचना अतिशय देखणी आहे. बादलीतल्या पाण्यात ती प्रत्येक वेळी चालली, आणि एकदा वाकून चारा वाहणारा आणि मग ताठ उभा राहणारा तो फ्लोट पाहताना काम संपल्यासारखेच वाटले होते. पण वाटी पाण्याच्या वर असल्याने तिच्यातील चाऱ्याचे संपूर्ण वजन फ्लोटला पेलावे लागते. वाटीत फक्त तीन ग्रॅम चारा धरला आणि शेंडा चार मिलिमीटरचा ठेवला, तर वाटी रिकामी झाल्यावर हिशेबाने शेंडा चोवीस सेंटीमीटर वर यायला हवा, म्हणजे प्रत्यक्षात फ्लोटचे अंगच पाण्याबाहेर निघते. हे टाळायचे तर पाण्याच्या रेषेपाशी अंग जाड करावे लागते, आणि अंग जाड केले की रोचच्या ओठांची चाहूल त्याला लागत नाही. फेकताना वाटीतला चारा हवेत उडत असे तो वेगळाच, त्यासाठी झाकण केले तर ते पाण्यात उघडेना. फ्लोट तरंगण्यात यशस्वी झाला आणि फ्लोट म्हणून निकामी ठरला.

चारा पाण्याखाली नेला तर हिशेब पालटतो, कारण पाण्यात बुडालेल्या चाऱ्यालाही पाण्याचा रेटा मिळतो. माशीच्या अळ्या पाण्यापेक्षा थोड्याच जड असतात. त्यांची घनता पाण्याहून पाच टक्के जास्त धरली, तर दहा ग्रॅम अळ्यांचे पाण्यातले वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. हवेत दहा ग्रॅम, पाण्यात अर्धा ग्रॅम, ही तफावत या कामातील सर्वांत मोठी देणगी आहे. फेकताना हे दहा ग्रॅम फ्लोटला लांब नेतात आणि पाण्यात पडल्यावर ते जवळजवळ अदृश्य होतात. म्हणून फ्लोटच्या बुडाशी भोकांचा लहान पिंजरा बसवण्याची रचना पुढे आली. वजन बुडाशी असल्याने फ्लोट हवेतून बाणासारखा पुढे जातो, तंगूस त्याच्या मागे सरळ राहतो आणि पाण्यात पडताच तो झटकन उभा राहतो.

या पिंजऱ्याने जे शिकवले ते कोणत्याही आकडेमोडीत सापडले नसते. पहिली गोष्ट हवेची. कोरड्या अळ्यांच्या फटींत हवा अडकते आणि पिंजरा पाण्याखाली गेला तरी काही क्षण ती सुटत नाही. त्यामुळे भरलेला फ्लोट बुडण्याऐवजी नेहमीपेक्षा वर तरंगतो आणि मग अचानक बुडबुडे सोडत खाली बसतो. पिंजऱ्याच्या अगदी वरच्या कडेला दोन बारीक भोके पाडल्यावर हा त्रास गेला, कारण हवेला वरूनच वाट हवी असते, खालच्या भोकांतून ती जात नाही. त्यावर उपाय म्हणून अळ्या आधीच ओल्या करून ठेवणे मात्र चुकीचे ठरते: उथळ पाण्यात ठेवलेल्या अळ्या हवा घेऊन तरंगू लागतात आणि पृष्ठभागावर आमिष हवे असेल तेव्हा मासेमारी करणारे मुद्दाम हेच करतात.

दुसरी गोष्ट भोकांच्या मापाची. भोक अळीच्या जाडीइतकेच असेल तर पहिली अळी अर्धी बाहेर येऊन अडकते आणि तिच्यामागे सगळ्यांचा खोळंबा होतो; ते सहा-सात मिलिमीटरचे केले तर पिंजरा मिनिटभरात रिता होतो. उन्हाळ्यात अचूक वाटलेले माप हिवाळ्यात फसते, कारण थंड पाण्यात अळ्या सुस्तावतात आणि सरपटणे जवळपास थांबवतात. अनुभवी लोक अशा वेळी कात्रीने भोके मोठी करतात आणि उन्हाळ्यात त्यांवर चिकटपट्टी लावतात. हे पाहिल्यावर पिंजऱ्यावर फिरणारी बाही बसवून भोके कमीजास्त उघडता येतील अशी सोय केली. पण येथेही घाई उपयोगी नाही. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे, पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, त्याला लागणारे खाद्य कमी होते. म्हणून हिवाळ्यात अळ्या हळू सुटणे हा दोष आहे की निसर्गानेच घालून दिलेली मात्रा आहे, हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने पडतो. गारठलेल्या कालव्यावर बाही पूर्ण उघडून बसलेला माणूस मासे जमवत नसून त्यांची पोटे भरत असतो, असे लेखकाचे मत आहे.

अळ्यांऐवजी पावाचा चुरा, म्हणजे ‘ग्राउंडबेट’, वापरणारांची गोष्ट वेगळी. हा चुरा थोड्या पाण्याने भिजवून, मुरू देऊन, चाळणीतून दोनदा चाळून घ्यावा लागतो. गोळा वळला जाईल पण पाण्यात पडताच उमलेल इतकीच ओल त्यात हवी, आणि ती ओल हाताला कळते, लिहून सांगता येत नाही. पिंजऱ्यासाठी तो जरा कोरडाच बरा.

वाहत्या पाण्यात आणखी एक अंतर निर्माण होते. चारा सेकंदाला पाच सेंटीमीटर वेगाने खाली जातो आणि पाणी दोन मीटर खोल आहे असे धरले, तर त्याला तळाशी पोचायला चाळीस सेकंद लागतात. पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला वीस सेंटीमीटर असेल तर तेवढ्या वेळात तो आठ मीटर खाली वाहून जातो. फ्लोट एका जागी बांधलेला असेल तर सगळा चारा दुसऱ्याच्या माशांना मिळतो. फ्लोट प्रवाहाबरोबर मोकळा सोडला तर दोघे सोबत जातील असे वाटते, पण नदीचे वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहत असते. पृष्ठभागाचा वेग पंचवीस सेंटीमीटर असेल तर त्या चाळीस सेकंदांत फ्लोट दहा मीटर जातो आणि चारा दोन मीटर मागे राहतो. ट्रेंट नदीच्या काठी बाल्सा आणि वेताच्या कांडीचा बारीक फ्लोट वापरणारे लोक तंगूस अधूनमधून बोटाने थोपवून फ्लोटला पाण्यापेक्षा हळू जाऊ देतात. त्यांनी हा फरक कधी मोजला असेल असे नाही, तरी त्यांच्या बोटाला तो ठाऊक असतो. फ्लोट घडवणाऱ्याने अशा ठिकाणी आपली कल्पकता आवरावी आणि तंगूस थोपवल्यावरही फ्लोट पाण्यावर आडवा होणार नाही, एवढीच दक्षता घ्यावी.

पाण्यावर पडण्याच्या आवाजाचाही विचार करावा लागला. कार्प, रोच, ब्रीम यांच्या कुळातील माशांमध्ये हवेची पिशवी आणि अंतःकर्ण यांना बारीक हाडांची साखळी जोडते, त्यामुळे त्यांचे ऐकणे चांगले असते. उन्हाळ्यात भरपूर मासे असलेल्या तळ्यात जाडजूड फ्लोटचा धप्प असा आवाज कार्पला जेवणाची सूचना वाटतो आणि तो त्या दिशेने येतो. उथळ, नितळ पाण्यातील ब्रीम त्याच आवाजाने निघून जातात. एकच पिंजरा दोन्ही ठिकाणी चालवण्याचा हट्ट लेखकाने सोडला आणि लांबट व आखूड अशी दोन अंगे घडवली.

साहित्याच्या बाबतीत बोलायचे तर जुन्या इंग्लिश फ्लोटांमध्ये मोरपिसाच्या दांड्याला मोठा मान होता. हलका, सरळ, आतून स्पंजासारखा आणि बाहेरून पाणी न शिरू देणारा असा तो दांडा. त्याच्याबरोबर सरकांडा हा आपल्याकडच्या नदीकाठी वाढणारा बोरूसारखा दांडाही तेथील फ्लोट घडवणारे वापरत आले आहेत. बाल्सा घडवायला सोपा, पण वॉर्निशात केसाएवढी भेग राहिली तरी तो पाणी पितो, आणि दुपारपर्यंत ज्याचा तोल अचूक होता तो फ्लोट संध्याकाळी दोन छर्ऱ्यांनी जड झालेला असतो. पिंजरा जोडण्याची जागा म्हणजे अशा भेगेला आमंत्रणच असल्याने जोड आधी बसवून मग सगळ्यावर वॉर्निशाचे हात देणे आवश्यक ठरते.

बुडाला द्यायच्या वजनाविषयी इंग्लंडमध्ये कायदा आहे. टाकून दिलेले शिशाचे छर्रे हंस दाणे दळणाऱ्या खड्यांबरोबर गिळत आणि विषबाधेने मरत. म्हणून १९८७ च्या आरंभापासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम या दरम्यानच्या शिशाच्या वजनांना बंदी आली. त्यामुळे पिंजऱ्याच्या बुडाशी पितळेची चकती वापरली. पितळ शिशापेक्षा हलके असल्याने चकती जाड झाली आणि पिंजऱ्यातील जागा थोडी कमी झाली, पण त्याची खंत करावी असे त्यात काही नाही. तंगूस तुटलाच तर मासा फ्लोट ओढत फिरू नये यासाठी फ्लोट तंगुसावर पक्का न बांधता छोट्या मऊ नळीत नुसता खोचला. मोठा ताण आला की तो निसटतो. एखादा फ्लोट हरवला तरी चालेल, गळ तोंडात असलेला मासा पिंजऱ्यासकट वेलींमध्ये अडकणे चालणार नाही.

एवढे झाल्यावरही तो अर्धा ग्रॅम शिल्लक राहिलाच होता. दहा ग्रॅम अळ्या बाहेर पडल्या की चार मिलिमीटरचा शेंडा जवळजवळ चार सेंटीमीटर वर येतो, आणि पिंजरा अर्धा रिता झाला की शेंडा मध्येच कोठेतरी असतो. मासा आमिषाला लागला म्हणून शेंडा उचलला गेला की चारा सुटला म्हणून, हे काठावरच्या माणसाला कळत नाही. हा चढ लपवण्यासाठी अनेक गोष्टी करून पाहिल्या. शेंडा आठ मिलिमीटरचा केला, तेव्हा चढ एका सेंटीमीटरवर आला पण संवेदना गेली. पिंजरा अंगापासून सुटा करून तंगुसावर सरकता ठेवला, तेव्हा फेकताना गुंता होऊ लागला. चाऱ्याचे प्रमाण निम्मे केले, तेव्हा चारा नेण्याचा हेतूच फिका पडला.

शेवटी कालव्यावरच्या एका लांब दुपारी, शेंड्याकडे टक लावून बसलेले असताना, एक साधी गोष्ट दिसली. चारा सुटल्याने शेंडा मिनिटभरात हळूहळू, एकसारखा वर येतो; माशामुळे तो झटक्याने हलतो. दोन्ही हालचालींची चाल वेगळी आहे, आणि मासे जमतात ते चारा बाहेर पडू लागल्यानंतर, म्हणजे चढ संपत आल्यावर. मग तो चढ लपवायचा कशासाठी? तोल रित्या पिंजऱ्यावर लावला आणि शेंड्याच्या वरच्या दोन सेंटीमीटरांना नारिंगी व त्याखालच्या चार सेंटीमीटरांना काळा रंग दिला. भरलेला फ्लोट पाण्यात पडला की फक्त नारिंगी टोक दिसते. काळा पट्टा हळूहळू बाहेर येतो आणि तो पूर्ण दिसला की पिंजरा रिता झाला आहे, आता प्रत्येक हालचाल माशाचीच. उतरत्या उन्हात पाणी चांदीसारखे चकाकते तेव्हा नारिंगी रंग त्यात विरघळतो, पण काळा पट्टा लांबूनही स्पष्ट दिसतो, हे नंतर लक्षात आले. हिवाळ्यात तो पट्टा बाहेर यायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ काठी खाली ठेवून, हात कोटाच्या खिशात घालून थांबावे लागते.